शेजारधर्माचा गौरव : पुरस्कार कसा असावा आणि कसा नसावा

मध्यरात्री एखाद्या वाड्यावर १०८ रुग्णवाहिका बोलावली जाते, तेव्हा चालकाला घर दाखवण्यासाठी रस्त्याच्या तोंडाशी बॅटरी घेऊन उभा राहणारा माणूस बहुधा शेजारी असतो. मुलगा आखातात किंवा जहाजावर, मुलगी लग्न होऊन परगावी आणि घरात वृद्ध आईवडील, हे चित्र गोव्यातील गावोगावी दिसते. अशा घराची जादा किल्ली शेजारणीकडे असते. औषधांच्या वेळा तिला पाठ असतात. सकाळी पोदेराचा भोंगा वाजून गेला तरी दार उघडले नाही, तर ते सर्वांत आधी तिच्याच लक्षात येते. तिच्या या कामाची नोंद कोठेही होत नाही आणि तिलाही तसे काही अपेक्षित नसते.

राज्यात कलाकार, खेळाडू, शिक्षक, शेतकरी, उद्योजक अशा अनेकांचे सत्कार होतात. ‘उत्तम शेजारी’ म्हणून कोणाला शाल-श्रीफळ मिळाल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते. जगात काही ठिकाणी हा प्रयोग पद्धतशीरपणे झाला आहे. सिंगापूरमध्ये चांगल्या शेजाऱ्याला पुरस्कार दिला जातो. महाराष्ट्रात गुण्यागोविंदाने राहणाऱ्या संपूर्ण गावालाच तो देण्याची मोहीम राबवली गेली. फ्रान्समध्ये पुरस्काराऐवजी शेजाऱ्यांचा एक दिवस ठरवण्यात आला. हे तिन्ही प्रयोग तपासले तर एक गोष्ट स्पष्ट होते. असा पुरस्कार उपयोगी ठरेल की अनर्थ करील, हे त्यामागील सद्‌हेतूपेक्षा त्याच्या रचनेवर अधिक अवलंबून असते.

शेजारधर्म कशावर उभा होता?

शेजाऱ्याशी वागण्याच्या रीतीला मराठीत ‘शेजारधर्म’ म्हणतात. यातील ‘धर्म’ म्हणजे कर्तव्य, आणि कर्तव्य केल्याबद्दल बक्षीस मागायचे नसते, हे त्या शब्दातच गृहीत आहे. त्यामुळे पुरस्काराची कल्पना मांडली की पहिला आक्षेप हाच येतो की, जे करायलाच हवे त्याचा सत्कार कशाला? हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हा धर्म पूर्वी कशाच्या आधाराने टिकला, हे पाहणे आवश्यक आहे.

गोव्यापुरते बोलायचे तर त्यामागे केवळ चांगुलपणा नव्हता, परस्परावलंबनही होते. गावकरी पद्धतीत गावाची जमीन सामुदायिक मालकीची असे. खाजन शेतीत भरतीचे खारे पाणी बांधाने अडवले जाते आणि मानशीच्या दारांनी त्याची ये-जा नियंत्रित होते. बांध फुटला तर पाणी कोणाचे शेत वेगळे काढत नाही, सर्वांचीच शेते खारावतात. म्हणून शेजाऱ्याच्या हद्दीतील खिंडारही आपलेच मानावे लागे. विहीर, पाणंद, मांड, देवळाचा उत्सव, शिगमो या सर्व ठिकाणी माणसे एकमेकांना रोज भेटत. संध्याकाळी सोप्यावर बसलेल्या माणसांना रस्त्याने कोण गेले आणि कोण आले नाही, हे आपोआप कळत असे.

सणांनीही हे नाते जपले. चवथीच्या नेवऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी जातात आणि नाताळात दोदोल व बेबिंकाचे ताट हिंदूच्या घरी येते. शिरगावची श्री लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी आहेत, अशी लोकांची श्रद्धा आहे. शेजार हे नाते देवादिकांपर्यंत नेऊन ठेवणाऱ्या या समाजाला शेजारधर्म शिकवण्याची गरज नव्हती. तो व्यवहारातच मिसळलेला होता.

आधार कोठे निसटला?

आज तो व्यवहार बदलला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातील सुमारे ६२ टक्के लोक शहरी भागात राहतात आणि हे प्रमाण देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक होते. साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांचे देशातील प्रमाण त्या वेळी ८.६ टक्के होते, गोव्यात ते ११.२ टक्के होते. या बाबतीत केवळ केरळ पुढे होते. त्याच जनगणनेत राज्यातील पाचांपैकी सुमारे एक घर रिकामे आढळले. हे तीन आकडे एकत्र वाचले की चित्र पूर्ण होते. वृद्ध वाढले, घरे बंद झाली आणि उरलेल्यांपैकी अनेकजण अशा इमारतींत राहू लागले, जेथे समोरच्या दारावरील नावाची पाटी हीच शेजाऱ्याची संपूर्ण ओळख असते.

यात दोष कोणा एकाचा नाही. सदनिकेत राहणाऱ्यांना एकत्र बांधून ठेवणारा खाजनाचा बांध नसतो. पाणी नळाने येते, सामान दारात येते, निरोप फोनवर येतो. भाड्याने राहणारे कुटुंब अकरा महिन्यांच्या कराराने येते आणि ओळख होईपर्यंत निघून जाते. कामासाठी परराज्यांतून आलेल्यांना तर कित्येकदा शेजारी म्हणून मोजलेही जात नाही.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतील शिकागो शहराने १९९५ च्या जुलै महिन्यात पाहिले. काही दिवसांच्या तीव्र उष्णतेच्या लाटेत तेथे नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू अधिक झाले. मृतांमध्ये एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी नंतर या आपत्तीचा सविस्तर अभ्यास केला. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या परस्परांना लागून असलेल्या दोन वस्त्यांची त्यांनी तुलना केली. दोन्हीकडे गरीब आणि एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते, ऊन तर एकच होते. तरीही मृत्यूच्या प्रमाणात सुमारे दसपट फरक आढळला. ज्या वस्तीतील रस्ते ओस पडले होते, दुकाने बंद झाली होती आणि लोक बाहेर पडण्यास घाबरत होते, तेथे वृद्ध बंद खोलीतच राहिले. ज्या वस्तीतील रस्त्यांवर वर्दळ होती, तेथे ते घराबाहेर पडले, दुकानांत जाऊन बसले, लोकांच्या नजरेत राहिले. शेजार ही जीव वाचवणारी व्यवस्था असते, असे या अभ्यासातून दिसते.

सिंगापूरचा प्रयोग

सिंगापूरचा अनुभव गोव्याला अनेक अर्थांनी जवळचा वाटेल. एके काळी तेथील लोक ‘कांपुंग’ म्हणजे खेड्यांसारख्या वस्त्यांत राहत. एकमेकांच्या कामाला सर्वांनी मिळून हात लावण्याच्या रीतीला मलय भाषेत ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात. १९६० मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने काही दशकांत बहुसंख्य जनतेला उंच इमारतींत आणून बसवले. घरे पक्की झाली, पाणी-वीज आली, परंतु कांपुंगमधील मोकळेपणा जिन्यावर आणि लिफ्टमध्ये हरवू लागला. चिनी, मलय व भारतीय वंशाच्या लोकांच्या वेगवेगळ्या वस्त्या तयार होऊ नयेत, म्हणून १९८९ पासून प्रत्येक इमारतीत व परिसरात त्यांच्या प्रमाणाची मर्यादाही ठरवण्यात आली. त्यामुळे एकाच मजल्यावर तीन धर्म, चार भाषा आणि अनेक प्रकारचे स्वयंपाक एकत्र आले.

अशा वेळी शेजार आपोआप जुळेल, असे तेथील प्रशासनाने गृहीत धरले नाही. इमारतींचा तळमजला मोकळा ठेवण्यात आला, तेथे लग्ने, अंत्यविधीच्या बैठकी आणि बुद्धिबळाचे डाव रंगू लागले. पुढे गृहनिर्माण मंडळ आणि १९९७ मध्ये स्थापन झालेली सिंगापूर काइंडनेस मूव्हमेंट ही संस्था यांनी मिळून उत्तम शेजारी पुरस्कार सुरू केला.

या पुरस्काराचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे नाव सुचवण्याचा अधिकार रहिवाशांकडे असतो. ज्याने शेजाऱ्याचा चांगुलपणा अनुभवला, त्यानेच तो लिहून कळवायचा. अशी पद्धत ठेवली की पदाधिकाऱ्याला न दिसणारी कामे समोर येतात. आजारी माणसाला डबा पोहोचवणे, कामावर गेलेल्या आईच्या मुलावर लक्ष ठेवणे, वृद्धाला दवाखान्यात नेऊन आणणे ही कामे कोणत्याही अहवालात बसत नाहीत. शिवाय नाव सुचवणाऱ्यालाही काही मिळते. एरवी संकोचाने न बोललेले आभार त्याला मांडता येतात. पुरस्कार एकालाच मिळतो, पण अर्ज लिहिणारे सर्वजण त्या निमित्ताने आपल्या शेजाऱ्याचा विचार करतात. पुरस्काराचा खरा लाभ येथे आहे.

सिंगापूरने केवळ पुरस्कारावर भिस्त ठेवली नाही, हेही लक्षात घ्यावे लागेल. शेजाऱ्यांमधील वाद सामोपचाराने मिटवण्यासाठी तेथे १९९८ पासून समुदाय मध्यस्थी केंद्रे आहेत आणि त्यानेही न मिटणाऱ्या वादांसाठी २०१५ पासून स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. वरच्या मजल्यावरील रात्रीचा आवाज, जिन्यातील अडगळ, गळणारे पाणी यांवर उपाय नसेल, तर पुरस्काराचे फलक कितीही लावले तरी शेजार सुधारत नाही.

महाराष्ट्राने गावाला दिलेला मान

दुसरा नमुना जवळचा आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधाचा वाद, वाटेचा वाद, भाऊबंदकी, किरकोळ मारामारी अशी प्रकरणे पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात वर्षानुवर्षे कुजत राहतात. खटला चालतो तोवर दोन्ही घरे एकमेकांच्या सुखदुःखाला जात नाहीत. गावात तंटामुक्त समिती नेमून कायद्याने तडजोड करता येण्याजोगे वाद समोरासमोर बसून मिटवावेत आणि नवे वाद उद्भवू नयेत यासाठी प्रयत्न करावेत, अशी ही योजना होती. २०० गुणांच्या मूल्यमापनातून पात्र ठरलेल्या गावांना लोकसंख्येनुसार एक लाखापासून दहा लाख रुपयांपर्यंतचे पुरस्कार देण्यात आले. ही रक्कम कोणा व्यक्तीच्या खिशात न जाता गावाच्या कामांसाठी वापरायची होती.

येथे शेजारधर्माचा मानकरी संपूर्ण गाव आहे. त्याचा फायदा उघड आहे. दोन भावांचा वाद हा त्यांचा खासगी प्रश्न न राहता गावाच्या लौकिकाचा प्रश्न होतो आणि समजूत काढण्यासाठी चार माणसे पुढे येतात. सत्कार कोणाचा आणि कोणाचा नाही, ही रुसवाफुगवीही टळते.

धोकाही तितकाच उघड आहे. गुण आणि रक्कम यांच्याशी जोडलेल्या प्रत्येक मोहिमेत कागद सजवण्याचा मोह असतो. वाद मिटवण्यापेक्षा वाद नोंदवू न देणे अधिक सोपे असते. दुबळ्या बाजूवर, विशेषतः बाईवर किंवा गावात एकट्या पडलेल्या कुटुंबावर, ‘गावाचे नाव खराब होईल’ असे सांगून दडपण आणले जाऊ शकते. अन्याय सोसून राखलेली शांतता म्हणजे चांगला शेजार नव्हे. म्हणून असा पुरस्कार देताना तक्रारी किती कमी झाल्या, एवढेच मोजणे पुरेसे नसते. ज्यांच्या तक्रारी होत्या त्यांचे समाधान झाले का, हे त्यांनाच वेगळे विचारावे लागते.

पैसा आला की काय बिघडते?

पुरस्कारात रोख रक्कम असावी का, हा प्रश्न वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाविषयी एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये रक्त विनामूल्य दिले जाई, तर अमेरिकेत त्या काळी बरेच रक्त पैसे देऊन घेतले जाई. रक्ताला मोल लावले की दान करण्यामागची नैतिक प्रेरणा क्षीण होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यावर अर्थशास्त्रज्ञांत दीर्घ वाद झाला, परंतु प्रश्न कायम राहिला.

इस्रायलमधील हैफा शहरात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. तेथील काही पाळणाघरांत मुलांना नेण्यासाठी पालक उशिरा येत. उरी ग्नीझी आणि आल्डो रस्टिचिनी या संशोधकांच्या प्रयोगात उशिरा येणाऱ्यांना दंड लावण्यात आला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज वाटत असे, आता दंड भरला की हिशेब चुकता झाला, असे पालकांना वाटू लागले. दंड रद्द केल्यावरही उशीर पूर्ववत झाला नाही. त्यांचा हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला.

दंड आणि बक्षीस या वेगळ्या गोष्टी असल्या तरी बोध एकच आहे. नात्यातील व्यवहाराला किंमत चिकटली की त्याचे स्वरूप बदलते आणि किंमत काढून घेतली तरी जुने नाते सहजी परतत नाही. शेजारणीने आणलेल्या पेजेच्या भांड्यामागे दहा हजार रुपयांचे पाकीट दिसू लागले, तर पेज घेणाऱ्याचाही संकोच वाढेल. म्हणून व्यक्तीला मान द्यावा आणि पैसा द्यायचाच असेल तर तो वाड्याला, इमारतीला किंवा सामायिक कामाला द्यावा, ही वाटणी सर्वांत सुरक्षित ठरते. आवारात एक बाक, जिन्याला कठडा, वाटेवर दिवा अशा स्वरूपातील बक्षीस सर्वांच्या उपयोगी पडते आणि ज्याच्यामुळे ते मिळाले त्याचे नावही रोज घेतले जाते.

गोव्यात हे कसे करता येईल?

या अनुभवांवरून पंचायत, पालिकेचा प्रभाग, गृहनिर्माण सोसायटी किंवा गणेशोत्सव मंडळ यांना फारसा खर्च न करता असा उपक्रम सुरू करता येण्यासारखा आहे. त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील.

पहिले पथ्य नामनिर्देशनाचे. नाव शेजाऱ्यानेच सुचवावे, स्वतःचे नाव कोणी देऊ नये आणि पदाधिकाऱ्यांनी यादी करू नये. अर्जात तीन प्रश्न पुरेसे आहेत: या शेजाऱ्याने नेमके काय केले, किती काळ केले आणि तो नसता तर काय झाले असते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना खरे आणि वरवरचे यांतील फरक आपोआप उघड होतो. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे म्हणणे कोणीतरी जाऊन उतरून घ्यावे, कारण शेजाऱ्याची सर्वाधिक गरज असलेली माणसे बहुधा हीच असतात.

दुसरे पथ्य निकषांचे. देणगी देणे, मंडप उभारणे, रुग्णवाहिका भेट देणे ही चांगली कामे आहेत, पण ती दात्याची कामे आहेत. शेजाऱ्याचे काम लहान, वारंवार घडणारे आणि जवळचे असते. निवडणुकीला उभे राहिलेले किंवा राहू इच्छिणारे यांना या सन्मानापासून दूर ठेवणे सर्वांच्याच हिताचे ठरेल, अन्यथा पहिल्याच वर्षी हा पुरस्कार प्रचाराचे साधन होऊन बसेल.

तिसरे पथ्य कोण डोळ्यांआड राहते, हे पाहण्याचे. शेजाराचे बहुतेक काम स्त्रिया करतात आणि व्यासपीठावर बहुधा पुरुष दिसतात. भाडेकरू, परराज्यांतून आलेले कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि रखवालदार हेही अडीअडचणीला धावून येतात. वृद्धाला पडताना सावरणारा हात कोणत्या राज्यातून आला, हे त्या क्षणी कोणी विचारत नाही. सत्काराच्या वेळीही ते विचारले जाऊ नये.

चौथे पथ्य मदत घेणाऱ्याच्या अब्रूचे. एखादीने शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींची सेवा केली, हे सांगताना आजींचे आजारपण, त्यांच्या मुलांची अनुपस्थिती किंवा घरातील चणचण ध्वनिवर्धकावरून जाहीर होता कामा नये. मदत घेणाऱ्याची संमती घेतल्याशिवाय तपशील सांगू नयेत. ती संमती नसेल, तर केवळ नाव आणि ‘उत्तम शेजारी’ हे दोन शब्द पुरेत.

सत्काराची जागाही विचारपूर्वक निवडावी. शहरातील सभागृहापेक्षा ज्या वाड्यावर ते काम घडले, तेथील मांडावर किंवा इमारतीच्या आवारात झालेला छोटा कार्यक्रम अधिक परिणामकारक ठरेल. ग्रामसभेत एरवी तक्रारींचा पाऊस पडतो. त्याच सभेची सुरुवात वर्षातून एकदा एका शेजाऱ्याच्या आभाराने झाली, तर पुढील चर्चेचा स्वरही कदाचित थोडा उतरेल.

पुरस्कार नको असेल तर?

कोणाची निवड करण्यातच अवघडलेपण वाटत असेल, तर फ्रान्सचा मार्ग मोकळा आहे. पॅरिसच्या सतराव्या विभागात एका वृद्धेचा मृतदेह तिच्या सदनिकेत कित्येक महिन्यांनी आढळला. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना तिचे जाणे कळले नव्हते. या घटनेने अस्वस्थ झालेले तेथील लोकप्रतिनिधी आतानाझ पेरिफां यांनी १९९९ मध्ये शेजाऱ्यांच्या दिवसाची प्रथा सुरू केली. या दिवशी एका इमारतीतील किंवा गल्लीतील लोक आपापल्या घरचे पदार्थ घेऊन खाली जमतात आणि एकत्र जेवतात. त्यात भाषणे किंवा बक्षिसे नसतात. ही प्रथा पुढे युरोपातील अनेक देशांत पोहोचली. गोव्यात तर त्यासाठी नवा दिवस शोधण्याचीही गरज नाही. चवथ, दिवाळी आणि नाताळ यांनी ती सोय आधीच करून ठेवली आहे. फक्त ताट समोरच्या अनोळखी दारापर्यंत न्यायचे आहे.

कर्तव्याचा सत्कार कशाला, या आक्षेपाचे उत्तर यातूनच मिळते. जोवर सर्वजण एकमेकांना पाहत होते, तोवर शेजारधर्माला वेगळ्या साक्षीदाराची गरज नव्हती. आता बंद दारांमुळे चांगुलपणाही दिसेनासा झाला आहे. जे दिसत नाही त्याचे अनुकरण होत नाही आणि पुढच्या पिढीला ते कळतही नाही. पुरस्कार शेजारधर्म निर्माण करू शकत नाही. जो शिल्लक आहे तो चार लोकांच्या नजरेस आणून देणे, एवढेच त्याचे काम आहे.

तो सुरू होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या घराची जादा किल्ली कोणाकडे आहे आणि कोणाच्या घराची किल्ली आपल्याकडे आहे, हे दोन प्रश्न प्रत्येक घराला स्वतःस विचारता येतील. दोन्ही प्रश्नांना उत्तर असलेल्या घराला पुरस्काराची वाट पाहावी लागत नाही.